दोघांच्या नावची सुई

कोल्हापूर
ता. ४ फेब्रुवारी १९७४

सौ. दानम्मास,

तू नीट पोचलीस असं धरून लिहितो. गाडी वाटेत बंद पडली नसेल तर काल दुपारीच वारणानगरला उतरली असशील. मल्लव्वाच्या कळा सुरू झाल्या का ते आधी कळव, बाकीचं मागून कळव. तुला लिहिता-वाचता येत नाही आणि लेक अंथरुणाला, म्हणजे हे पत्र जावईबापूच वाचून दाखवणार. दाखवू देत. मला लपवायचं काही नाही.

स्टँडवर मी जास्त बोललो. लोक बघत होते ते मला नंतर दिसलं. तरी माझं म्हणणं अजून तेच आहे. लेकीचं बाळंतपण आईच्या घरी व्हावं. इथे थोरला दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे, शेजारी शालूबाई आहे, चूल आपली आहे. पण जावईबापू बसाप्पांना तिथलं सगळंच बरं वाटतं. दिवाळीत मी त्यांच्या घरी जेवत होतो तेव्हा ते म्हणाले, मामा, किती दिवस कट्ट्यावर धारा काढणार, म्हैस विका आणि आमच्या डेअरीत दूध मोजायच्या काट्यावर येऊन बसा. माझ्या बापाने गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी केली, त्याच्यामागे मी केली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायची आणि फेसासकट हातात द्यायची, यात आमची हयात गेली. मी ताटावरून उठलो. त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही असंही बोललो. तू म्हणतेस, पोरगं चांगल्या मनानं बोललं. असेल. मी चौथी शिकलेला माणूस, मला मनातलं दिसत नाही, बोललेलं ऐकू येतं.

भुरीचं तसंच आहे. अजून वैरणीला तोंड लावत नाही. लाळ गळते आहे. घशातून घरघर येते. मला वाटतं, उसाच्या वाढ्याचा तुकडा खोल कुठेतरी अडकला आहे. तू निघायच्या आधी बांगड्या काढून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातलास, तुझ्या हाताला काही लागलं नाही हे खरं. पण तुझं लक्ष गाडीकडे होतं. मी तर हातही घालू शकत नाही, मला ती जबडा उघडू देत नाही, मी नुसता शिंगं धरून उभा होतो. ती तुझीच म्हैस आहे. आता तू तिकडे आणि ती इकडे.

आज कट्ट्यावर गेलो नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, म्हैस आजारी आहे.

दळण आणलं. शालूबाई भाकरी थापून देते, पण तिच्या भाकरीला पदर सुटत नाही. उत्तर लवकर पाठव.

विरूपाक्ष


कोल्हापूर
ता. ७ फेब्रुवारी १९७४

सौ. दानम्मास,

तुझं पत्र नाही. मल्लव्वाचं काय झालं? मुलगा की मुलगी? बाळ, बाळंतीण सुखरूप आहेत ना?

भुरीची काळजी करू नकोस. ती आता शांत आहे.

हे पत्र मिळाल्यावर तू दोन कपडे घे आणि पहिल्या गाडीने इकडे ये. इथे एक काम निघालं आहे. ते आपण दोघांनी मिळून करायचं आहे, एकट्याने होणार नाही. काय काम ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, तू आलीस की सांगतो. मीच आलो असतो, पण रोज सकाळी मला थोरल्या दवाखान्यात जावं लागतं. पोटाचं थोडं दुखणं आहे, घाबरण्यासारखं नाही. आणि दिवाळीचं तुला माहीत आहे.

विळीवर तुझा अंगठा कापला होता तो भरला का? तू भुरीच्या तोंडातून हात काढलास तेव्हा म्हणाली होतीस, चुरचुरतंय. मी म्हटलं, वांगी चिरताना बोलायला कुणी सांगितलं होतं. तो हात साबणाने धू. पुन्हा पुन्हा धू. बाळ झालं असेल तर बाळाला न्हाऊ-माखू घालायला दुसरी बाई बघायला सांग. तुझी कंबर दुखते, तुला खाली बसवत नाही, म्हणून म्हणतो.

चार दिवस बाळंतिणीकडे तिच्या सासूला बघू दे. मी कधी तुला असं बोलावलं नाही, हे तुला आठवत असेल. यावेळी बोलावतो आहे. नक्की ये.

विरूपाक्ष


कोल्हापूर
ता. १० फेब्रुवारी १९७४

दानम्मा,

आणि जावईबापू, हे तुम्हीही ऐका, तुम्हाला वाचावंच लागणार आहे.

भुरी गेली. ती मागच्या पत्राच्या आदल्या दिवशीच गेली होती. शांत आहे असं मी लिहिलं ते तसं खोटं नव्हतं, पण तुला वाटावं तसं खरंही नव्हतं.

पाच तारखेला ती दावं तोडायला लागली. भिंतीला टकरा देऊ लागली, शिंगाच्या मुळातून रक्त येऊ लागलं. आवाज म्हशीचा राहिला नव्हता. ढोरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आणले. ते गोठ्यात गेलेच नाहीत, दारातच उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हिला कुत्रं चावलं होतं का. मी म्हटलं, नाही. तेवढ्यात भिंतीवरून शालूबाई म्हणाली, "न्हाई कसं? संकरातीच्या आधी कानफाटं कुत्रं शिरलतं की गोठ्यात. दानम्मानं काठी घालून हाकललं." तू मला ते सांगितलं नव्हतंस. किंवा सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल. आता आठवून बघतो तर काही आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, म्हैस पिसाळली आहे, हिच्या घशात काही अडकलेलं नाही. या रोगात जनावराला गिळता येत नाही, लाळ गळते, मालकाला वाटतं काहीतरी अडकलंय आणि मालक तोंडात हात घालतो. मग त्यांनी विचारलं, हात कुणी घातला? मी म्हटलं, कुणी नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, दाखवा हात. माझ्या हातावर काही नव्हतं. मग मी सांगितलं, मंडळीने घातला, तिचा अंगठा कापलेला होता, ती गावाला गेली आहे. ते म्हणाले, आत्ता तार करा, तिला पोटातली इंजेक्शनं आजच सुरू करायला हवीत. तुमच्याही अंगाला लाळ लागली असेल, तुम्हीही घ्या.

मी तार केली नाही.

तारेत कारण लिहावं लागतं आणि तारमास्तर आपल्या कट्ट्यावरचं रोजचं गिऱ्हाईक. पेठेत बोभाटा झाला असता. आणि जावईबापू, तुम्ही मला क्षमा करा, पण माझ्या डोक्यात असंही आलं, की तुमच्या घरी जेवताना सगळे हसतील. मामा आमच्या डेअरीला नावं ठेवत होते आणि स्वतःच सगळ्या गंगावेशीला पिसाळलेल्या म्हशीचं दूध पाजून बसले. म्हणून मी दानम्माला नुसतं ये म्हणून लिहिलं. ती आली की गाडीतून उतरल्या उतरल्या दवाखान्यात न्यायचं, दोघांनी मिळून सुया टोचून घ्यायच्या, तिकडे कुणाला कळायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

बोभाटा व्हायचा तो झालाच. नगरपालिकेची गाडी आली, भुरीला चुना घालून पुरलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचे लोक दारात आले. दूध कच्चंच प्यायलेले सगळे. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडायला लागलं. केरबा पैलवान, ज्याला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून दूध पाजलं, तो म्हणाला, "म्हातारबा, आखाड्यात कोण पाडू शकलं न्हाई मला, तुम्ही पेल्यात पाडलासा." हे तो हसत बोलला.

दवाखान्यात मी पहिल्याच दिवशी दोघांचं नाव सांगितलं आहे. रोज सकाळी बाई दाराशी येऊन हाक मारते, विरूपाक्ष, दानम्मा. मी उठतो आणि म्हणतो, तिची उद्या. ती म्हणते, आजोबा, ही सुई थांबत नसते. मी म्हणतो, वाटेत आहे, येतेय.

आता सगळं लिहिलं. आता तरी पहिल्या गाडीने ये. जावईबापू, हिला घेऊन या. मी स्टँडवर उभा राहतो.

विरूपाक्ष


कोल्हापूर
ता. १४ फेब्रुवारी १९७४

दानम्मा,

उत्तर नाही. तू नाहीस. जावईबापू नाहीत. टपालवाला गल्लीत शिरला की मी दारात जातो, तो लांबूनच हात हलवतो.

मी स्टँडवर वारणानगरच्या प्रत्येक गाडीला उभा राहतो. कंडक्टर आता ओळखतात. एकाने विचारलं, "कोण येणार हाय आजोबा?" मी म्हटलं, मंडळी. तो म्हणाला, "मग तुम्हीच जावा की. गाडी दोनी बाजूनं जाती." त्याच्या गाडीत मी चढलो. खिडकीपाशी बसलो. गाडी सुटायच्या आधी उतरलो. मी गेलो आणि तू माझ्या डोळ्यांसमोर आजारी दिसलीस तर मी काय करू, हे मला कळेना. आणि त्या दारात उभं राहायचं, हेही होतंच. हे नव्हतं असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल.

दवाखान्यात एक जोडपं येतं. यज्ञेश्वरपंत आणि विमलाबाई. पंत कचेरीतून निवृत्त झालेले. तू त्यांना ओळखतेस, कट्ट्यावर पंत एक पेला घ्यायचे, अर्धा स्वतः प्यायचे आणि अर्धा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बाईंना नेऊन द्यायचे. बाईमाणसाने कट्ट्यावर उभं राहून दूध कसं प्यायचं, म्हणून त्या कोपऱ्यावर. त्या अर्ध्या पेल्यापायी आता दोघांनाही सुया. पहिल्या दिवशी मी त्यांना बघून तोंड फिरवलं. पंत स्वतःच शेजारी येऊन बसले. म्हणाले, विरूपाक्षराव, म्हशीने तुम्हाला विचारून कुत्रं चावून घेतलं नाही.

बायकांना पडद्याआड सुई देतात. बेंबीच्या बाजूला देतात, त्यामुळे विमलाबाईंना भारी संकोच. देणारी नर्सच आहे, तरी त्या पहिल्या दिवशी उठायला तयार नव्हत्या. तेव्हा पंत पडद्याला पाठ लावून उभे राहिले आणि खोकू लागले. आतून बाई म्हणाल्या, "आहात ना?" पंत खोकले. पुन्हा थोड्या वेळाने आतून, "आहात?" पुन्हा खोकले. तेव्हापासून रोज असंच. सगळी रांग हसते. काल पंतांना खरोखरच खोकला झाला, तर आतून बाई म्हणाल्या, "कळलं हो, एकदा पुरे."

मग दोघं बाहेर बाकावर बसतात, पोट धरून हळूहळू एक संत्रं सोलतात. बाई बिया काढून पंतांच्या हातावर ठेवतात आणि पंत त्या खिशात टाकतात. काल एक फोड त्यांनी मला दिली. मला गिळवेना. पंतांना वाटलं, रोग लागला. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तसं काही नाही, मंडळी आठवली.

मग त्यांना सगळं सांगितलं. तार केली नाही, खोटं लिहिलं, गाडीतून उतरलो, सगळं. मला वाटलं, ते मला चार शब्द बोलतील. विमलाबाई म्हणाल्या, "अहो, आता इथे काय बसलात?" एवढंच.

तरी मी आलो नाही. उद्या सुई चुकली तर पहिल्यापासून घ्यावी लागेल, असं एकजण म्हणाला. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही सुई घेऊन दुपारी जा आणि रात्रीपर्यंत परत या, कोण अडवतंय? खरंच कोण अडवत होतं? माझं पोट दुखत होतं, गाठी आल्या आहेत, चालताना वाकावं लागतं. पण स्टँडवर मी त्याच पोटाने रोज उभा राहतो.

कट्ट्यावर माझ्या जागी ज्ञानूने म्हैस बांधली. त्याने येऊन विचारलं, म्हणजे आधी बांधली आणि मग विचारलं. मी म्हटलं, बांध.

दानम्मा, तू बरी आहेस एवढं कुणाकडून तरी कळव. एक ओळ पुरे.

विरूपाक्ष


कोल्हापूर
ता. १८ फेब्रुवारी १९७४

दानम्मा,

बसाप्पांचं पत्र आज आलं. शालूबाईच्या ओट्यावर बसून वाचलं. दोनदा वाचलं, मग तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दानम्मा वाचली की हो." आणि आत जाऊन तिने देवापुढे दिवा लावला. मला आनंद झाला. तो आधी लिहितो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात तो दिसणार नाही.

म्हणजे तुला आठ तारखेपासूनच सुया सुरू आहेत. कोल्हापूरहून डेअरीत येणाऱ्या लॉरीवाल्याने बसाप्पांना सांगितलं, गंगावेशीला एक म्हैस पिसाळून मेली, मालकाचं नाव विरूपाक्ष. बसाप्पांनी घरी येऊन तुला विचारलं, अव्वा, तुम्ही म्हशीला हात लावला होता का. तू हात दाखवलास. त्यांनी तिथून तुला सायकलवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. तेव्हापासून रोज नेतात. कामाची पाळी बदलून घेतली. हे त्यांनी स्वतःहून लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलंय, अव्वांची सोय झाली आहे, चिंता नसावी. पाळीचं आणि सायकलचं खाली मल्लव्वाने तिच्या हाताने लिहिलं आहे.

माझं सात तारखेचं पत्र तुला नऊला मिळालं. तू एक सुई घेऊन आली होतीस आणि दुसरी घेऊन आलीस तेव्हा बसाप्पांनी तुला वाचून दाखवलं, की भुरी आता शांत आहे. पोटाचं थोडं दुखणं आहे. इथे एक काम निघालं आहे.

मल्लव्वा लिहिते, बसाप्पा त्याच दिवशी मला लिहायला बसले होते, तू त्यांना थांबवलंस. तू म्हणालीस, थांब, त्यांना लिहू दे. दहा तारखेचं पत्र पोचलं त्यावरही तू लिहू दिलं नाहीस. शेवटी चौदाचं आलं तेव्हा तू म्हणालीस, आता लिही, नाहीतर स्टँडवर उभं राहून मरतील.

तू रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. मी इथे तुझ्या जिवाची काळजी करत होतो, म्हणजे मला वाटत होतं की करतोय. तू तिथे बसून ऐकत होतीस की हा माणूस खरं कधी बोलतो.

मुलगी झाली ही पाच तारखेची गोष्ट मला अठरा तारखेला कळली. त्यात कुणाची चूक नाही.

मल्लव्वाने शेवटी एक ओळ लिहिली आहे, ती मला समजली नाही. अव्वा बाळाला घेत नाही, असं आहे. म्हणजे काय?

विरूपाक्ष


कोल्हापूर
ता. ४ मार्च १९७४

दानम्मा,

काल मी येऊन गेलो, आणि आज तुला पत्र लिहितो आहे. याला तू हसशील. पण तिथे मला बोलता आलं नाही.

माझ्या सुया संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होतो, ताप आला म्हणून राहिलं. खरंच ताप होता, शालूबाईला विचार.

डेअरीच्या कॉलनीतली सगळी घरं सारखी, मला तुमचं सापडेना. एका बाईने दाखवलं. तू अंगणात तांदूळ निवडत होतीस. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "बसा पावणं. लांबनं आलासा." आतून मल्लव्वा हसली. मीही हसलो. तू हसली नाहीस. तेव्हा मला कळलं की ही थट्टा नाही.

बसाप्पा बाहेर आले, पाया पडले. दिवाळीचं कुणी काढलं नाही. मी आत पाऊल टाकलं तेव्हा कुणी बघितलंसुद्धा नाही. ज्या पावलाच्या भीतीने मी इतके दिवस स्टँडवर काढले, ते असं पडलं.

तू पाण्याचा तांब्या आणलास. मी पेला तोंडाला लावला तर तू समोरून हलेनास. मला वाटलं, काही बोलायचं आहे. मग ध्यानात आलं, तू माझ्या गळ्याकडे बघत होतीस. दवाखान्यात सगळ्यांना सांगतात, ज्याला हा रोग होतो त्याला पाणी गिळता येत नाही. मी सगळा पेला प्यालो. तू रिकामा पेला घेतलास, त्यात स्वतःला ओतलंस आणि माझ्यासमोर उभी राहून प्यालीस. मी पण बघितलं. इतक्या वर्षांत आपण एकमेकांकडे असं कधी बघितलं होतं, मला आठवत नाही.

मग तानाबाई आली, बाळाला न्हाऊ घालायला. तिने पाटावर पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं. मल्लव्वा म्हणाली, बघा अप्पा, नाक तुमच्यावर गेलंय. तू पंचा घेऊन उभी होतीस, पण लांब, दाराच्या चौकटीला टेकून. तानाबाईने हात पुढे केला तसा तू पंचा तिच्या हातात न देता खाटेवर टाकलास. तेव्हा मला ती ओळ समजली.

बसाप्पांनी परत जाताना वाटेत सांगितलं. मुलगी जन्मली त्या दिवसापासून तूच न्हाऊ घालत होतीस. त्याच हाताने तेल लावलंस, त्याच अंगठ्याने टाळू भरलीस. लॉरीवाल्याचं कळल्यापासून तू तिला शिवली नाहीस. डॉक्टरांनी तुला सांगितलं, आजी, बाळाला काही होणार नाही, असं लागत नाही. तू मान हलवतेस आणि दाराशी उभी राहतेस. ती रडली की आत जाऊन मल्लव्वाला उठवतेस.

पाच तारखेला मी तार केली असती तर ती मुलगी जन्मायच्या सुमाराला पोचली असती. तू तिला घ्यायच्या आधी. तुझ्या सुया बसाप्पांनी वेळेवर सुरू केल्या, ते त्यांनी निस्तरलं. हे कुणाला निस्तरता येणार नाही.

अंगणात तू मला जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या डोक्यात ते बदलणार नाही. मी विचारलं, येतेस का घरी. तू तांदूळ निवडत म्हणालीस:

"भुरी शांत हाय, असं वाचताना बसाप्पाचा आवाज अडकला. मी म्हटलं, वाच की पुढं. त्यानं वाचलं. तुम्ही भ्यालासा, ते मला तिथंच कळलं. भ्याचं न्हाई असं कुणी सांगितलंय? पर ते मला सांगायचं न्हाई, तर कुणाला सांगणार हुतासा? ज्ञानूला?"

मी म्हटलं, तू काळजी करशील म्हणून. तू म्हणालीस, "मी काळजी केलीच की. एकटीनं केली."

मग तू सूप उचललंस आणि आत गेलीस. येतेस का, असं मी पुन्हा विचारलं नाही. बसाप्पांनी मला स्टँडपर्यंत सोडलं, माझी पिशवी त्यांनीच धरली. डेअरीत काट्यावर बसायचं मी विचारीन असं मला वाटलं होतं, पण मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

तू ये, असं या पत्रात लिहीत नाही. तुला हवं तेव्हा तू येशील, नाहीतर मुलगी चालायला लागेपर्यंत तिथेच राहशील. इथलं जे आहे ते मात्र सगळं लिहितो.

गोठा रिकामा आहे. जमीन खणून चुना टाकला, तरी मी तिथे जात नाही, शालूबाईच्या अंगणातून वळसा घालतो. दोन वेळा जेवतो असं तुला काल सांगितलं, ते खरं नाही, एकदा जेवतो. पोटावरच्या गाठी अजून आहेत. सकाळी धारेच्या वेळेला जाग येते आणि हात काहीतरी शोधतात. कट्ट्यावर काल परत येताना गेलो होतो. केरबा ज्ञानूकडे पेला घेऊन उभा होता, मला बघून त्याने तो पाठीमागे लपवला. विमलाबाई आणि पंत आता कट्ट्यावर येत नाहीत, दूध उकळून पितात. डॉक्टर म्हणतात, आपण दोघं सुटलो असं अजून काही महिने धरता येणार नाही. रोज तोंड धुताना चूळ भरली की मी थांबतो आणि गिळून बघतो. गिळलं जातं. तरी दिवसभर भीती वाटते. माझी वाटते आणि तुझी वाटते, कुणाची जास्त ते मला सांगता येत नाही.

हे बसाप्पांना मोठ्याने वाचायला सांग. कुठे त्यांचा आवाज अडकला तर अडकू दे, पण काही गाळू नका म्हणावं.

विरूपाक्ष